याकोबाची विहीर, जालन्याचा हापसा

आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्याचं छायाचित्र पाहताना मराठवाड्यातला माणूस हमखास थबकतो, कारण त्यात मधोमध आपल्याच गावचा हापसा उभा असतो. तोच तिपाई ठाण्यावरचा लोखंडी खांब, वर चौकोनी डोकं आणि त्यातून बाहेर आलेला लांब दांडा. युगांडात, घानात, सुदानात माणसं या हापशाचं पाणी पीत आली आहेत. त्याचं अधिकृत नाव इंडिया मार्क टू. त्याचं घराणं शोधत मागे गेलं की आधी मद्रासचा कारखाना लागतो, मग सोलापूर लागतं आणि त्याच्याही मागे जालन्याच्या मिशनचं आवार लागतं.

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. बाजारपेठ, बियाणं, पोलादाच्या भट्ट्या, मोसंबीच्या बागा ही जालन्याची ओळख सगळ्यांना पाठ आहे. पण जगातल्या कोट्यवधी माणसांच्या घागरीशी या गावाचं नातं आहे, हे खुद्द जालन्यातही फार थोड्यांना माहीत असतं. आणि ते नातं जुळलं ते भक्तीतून. व्यापाराचा किंवा सरकारी योजनेचा त्याच्या उगमाशी संबंध नव्हता. म्हणून हापशाबद्दल लिहायचं तर उपासनेबद्दल लिहावं लागतं.

ख्रिस्ती शास्त्रात खऱ्या उपासनेची सगळ्यात स्पष्ट व्याख्या कुठे सांगितली गेली, हे लक्षात घेण्यासारखं आहे. ती मंदिरात सांगितली नाही, पर्वतावरच्या प्रवचनातही नाही. ती सांगितली विहिरीच्या काठावर, भर दुपारी, पाणी भरायला आलेल्या एका बाईला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात ही कथा येते. विहीर याकोबाची, खोल. येशू चालून चालून थकलेला, आणि पाणी काढायला त्याच्याजवळ काहीच नाही. बाई शोमरोनी, म्हणजे यहुदी लोक ज्यांच्या भांड्याला शिवत नसत त्यातली. गावातल्या बाया सकाळ-संध्याकाळ पाण्याला जातात. ही एकटीच उन्हात आलेली. तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. ती चकित होते, माझ्या हातचं पाणी तुम्हाला कसं चालतं असं विचारते. मग बोलणं वाढत जातं आणि ती तिच्या समाजाचा जुना वाद पुढे करते: आमचे पूर्वज या डोंगरावर भजन करत आले, तुम्ही म्हणता यरुशलेमातच करावं, मग खरं ठिकाण कोणतं? त्यावर तो सांगतो की आता या डोंगराचंही महत्त्व नाही आणि त्या नगराचंही नाही. आत्म्यानं आणि खरेपणानं भजणारी माणसं पित्याला हवी आहेत.

मराठवाड्यात ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. कोणाच्या हातचं पाणी चालतं आणि कोणाच्या हातचं चालत नाही, बाई अवेळी एकटी पाण्याला का जाते, विहीर कोणाच्या मालकीची, हे सगळं इथल्या मातीला ठाऊक आहे. जालना परिसरात जे पहिले ख्रिस्ती झाले, त्यांतले बहुतेक मांग समाजातले होते. दोर वळणं हा या समाजाचा परंपरागत धंदा. मोटेचा नाडा त्यांनी वळायचा, सोंदूर त्यांनी वळायचा. अख्ख्या गावाच्या विहिरींवर त्यांच्या हातच्या दोरांनी पाणी वर यायचं आणि त्याच विहिरीच्या काठाला त्यांना उभं राहता येत नसे. कोणी वरून ओतलं तर ओंजळ भरायची, नाही तर ओढ्यात झिरा उकरायचा. अशा माणसांना कोणी पहिल्यांदा सांगितलं असेल की देवानं एका वाळीत पडल्यासारख्या बाईकडे पाणी मागितलं, तर त्यांच्या मनात काय झालं असेल याचा विचार आपण सवर्ण घरांत वाढलेल्या वाचकांनी एकदा तरी शांतपणे करावा.

ही गोष्ट जालन्यात सांगणारा माणूस स्वतः ब्राह्मण होता. रेव्हरंड नारायण शेषाद्री. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकत असताना 1843 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि मुलगा परत मिळवला. मग त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावरून मुंबईत मोठं रण पेटलं. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूनं उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. मराठी प्रबोधनाच्या इतिहासात श्रीपत शेषाद्री प्रकरण म्हणून हे गाजलं. त्या गोंगाटात मोठ्या भावाचं पुढे काय झालं, ही गोष्ट मात्र मराठी वाचकांच्या नजरेआड राहिली.

पुढे नारायणराव मुंबईचं तुलनेनं सुखाचं आयुष्य सोडून निजामाच्या मुलखात आले. जालना तेव्हा हैदराबाद कंटिंजंटची छावणी. गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी चर्च होतं, बंगले होते. नारायणराव मात्र गावकुसाबाहेर गेले. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून त्यांनी जमीन मिळवली आणि तिथे बेथेल नावाची वसाहत उभी केली. ते नावही याकोबाच्याच गोष्टीतलं आहे: दगड उशाला घेऊन उघड्यावर झोपलेल्या परागंदा याकोबाला जिथे देव भेटला, ती जागा. ज्यांना गावानं कधी जमिनीवर हक्क दिला नव्हता, त्यांना नांगरायला जमीन, राहायला घर, मुलांना शाळा, प्रार्थनेला मंदिर आणि पाणी भरायला स्वतःची विहीर, असा हा बेत होता. मुसलमान दिवाणानं दिलेल्या जमिनीवर ब्राह्मण कुळात जन्मलेल्या पाळकानं मांगांसाठी वसवलेलं ख्रिस्ती गाव. हिंदुस्थानच्या इतिहासात असं गाव दुसरीकडे शोधायला गेलं तर दमछाक होईल.

शेषाद्रींचं नाव पुढे सातासमुद्रापार गेलं. 1873 मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हॅन्जेलिकल अलायन्सच्या मोठ्या परिषदेत त्यांनी भाग घेतला. 1891 मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्यावर टीका करायला जागा आहे आणि ती करायला मला संकोच वाटत नाही. वेगळी वसाहत केल्यानं नवख्रिस्ती माणसं मूळ गावापासून तुटली, मिशनच्या छायेत राहण्याची त्यांना सवय लागली, हा आक्षेप खरा आहे. त्या काळच्या मिशनच्या अहवालांत बाप्तिस्म्यांचे आकडे मोजण्याची जी हौस दिसते, तीही माझ्या मनाला कधी पटली नाही. माणसाच्या अंतःकरणाची खानेसुमारी करता येत नाही. तरी विहिरीपुरतं बोलायचं तर शेषाद्रींनी चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या कितीतरी दशकं आधी, 1927 अजून फार दूर असताना, अस्पृश्य मानलेल्या माणसांना त्यांचं स्वतःचं पाणी दिलं. या कामाला मी उपासनाच म्हणतो.

मराठी ख्रिस्ती मंडळींची साप्ताहिक उपासना ज्यांनी पाहिली नसेल, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. चर्चच्या दाराशी चपलांची रांग लागते. कित्येक ठिकाणी पुढे सतरंजी असते आणि मागे बाकं. गीतं ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून म्हटली जातात. त्यात इंग्रजी चालींवरची भाषांतरं आहेत, तशी नारायण वामन टिळकांची, कृष्णाजी सांगळ्यांची अस्सल मराठी पदंही आहेत. पेटी, तबला, कुठे ढोलकी. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि आयुष्याच्या शेवटी, 1917 मध्ये, मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, तेव्हा त्यांना हेच साधायचं होतं: ख्रिस्ताची भक्ती मराठी गळ्यातून निघावी आणि ती पगारावर अवलंबून नसावी.

या उपासनेतला मला सगळ्यात जवळचा वाटणारा दिवस म्हणजे कापणीचा सण. पीक घरात आलं की खेड्यातली मंडळी पहिला वाटा चर्चमध्ये आणतात. वेदीपुढे ज्वारीची कणसं उभी राहतात. तुरीच्या शेंगा, भोपळे, मोसंब्यांच्या करंड्या, पिशवीत भरलेली बाजरी, पाय बांधलेली कोंबडी, तांब्याभर दूध. उपासना संपली की अंगणात त्या सगळ्याचा लिलाव होतो. पाच रुपयांचा भोपळा पन्नासला जातो, कारण घेणाराही देतच असतो. ज्याला शेत नाही तो एक दिवसाची मजुरी पाकिटात घालून ठेवतो. ते पैसे चर्चच्या कामाला, कोणाच्या आजारपणाला, कोणाच्या लेकीच्या शिक्षणाला जातात. भक्ती आणि व्यवहार यांच्यामध्ये इथे भिंत घातलेली दिसत नाही. वेदीपुढे ठेवलेली ज्वारी आठवड्याभरात कोणाच्या तरी भाकरीत जाते.

पण पीक यायला पाऊस लागतो आणि जालन्याला पावसाची खात्री नाही. सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास, तोही कधी दोन आठवड्यांत उरकून जाणारा. खाली काळा पाषाण. दख्खनच्या पठाराचा हा बेसाल्ट पाणी आत घेतो ते फटींतून आणि मुरमाच्या थरांतून. बाकी सगळं वाहून जातं. विहीर खणायची तर पहार, सुरुंग आणि महिनोन्‌महिने मजुरी. उन्हाळ्यात ती विहीर तळाला गेली की बाया घागरी घेऊन मैल मैल फिरणार. 1960 च्या दशकात लागोपाठ अवर्षणं आली. बिहारमध्ये 1966-67 चा दुष्काळ साऱ्या देशाला हादरवून गेला आणि पाठोपाठ महाराष्ट्रावर 1972 चं संकट कोसळलं. खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांच्या रांगा, सुकडी, लाल मिलोची भाकरी. ज्यांनी ते पाहिलं ते अजूनही ताटात घास टाकत नाहीत.

याच काळात जालन्यातल्या चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशननं ठरवलं की धान्य वाटून भागणार नाही, पाषाण फोडायला हवा. जॉन मॅक्लाउड हे तिथले मिशनरी या कामात पुढे होते. परदेशातल्या ख्रिस्ती आणि इतर सेवाभावी संस्थांच्या मदतीनं दाबलेल्या हवेवर चालणारी विंधनयंत्रं आली. या यंत्रात हातोडा नळीच्या टोकाला असतो. तो खाली जात जात थेट खडकावर घाव घालतो आणि हवेच्या झोतानं दगडाचा भुगा वर फेकला जातो. जी विहीर खणायला पूर्वी दोन उन्हाळे जात, तिथे आता टीचभर रुंदीचं भोक दिवस-दोन दिवसांत खडकाच्या पोटात उतरू लागलं. बोअर हा शब्द मराठवाड्याच्या बोलीत आला तो या यंत्रांबरोबर.

भोक पडलं, पाणी लागलं, आणि खरी अडचण तिथून पुढे सुरू झाली. पाणी वर काढायला जे हातपंप बसवले जात, ते बिडाचे होते आणि युरोप-अमेरिकेतल्या जुन्या घडणीवर बेतलेले होते. तिकडे असा पंप एका शेतकऱ्याच्या अंगणात असे, दिवसातून चार बादल्या काढायला. इथे त्याच पंपापुढे पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव उभं. दांड्याला तीन-चार सांधे, प्रत्येक सांध्यात खीळ, आणि प्रत्येक खीळ महिन्याभरात झिजून खुळखुळायला लागणारी. बीड ठिसूळ, एकदा तडकलं की जोडता येत नाही. पाया हलायचा, पंप डुगडुगायचा आणि एके दिवशी दांडा बाईच्या हातात यायचा. खालचं पाणी तसंच राहायचं आणि बाई पुन्हा ओढ्याकडे वळायची. पुढे 1974 मध्ये झालेल्या पाहणीत देशातल्या दर चार हातपंपांपैकी तीन बंद असल्याचं दिसून आलं, तेव्हा सरकार आणि युनिसेफ दोघांनाही धक्का बसला. जालन्यातल्या मंडळींना ते अनुभवानं आधीच ठाऊक होतं.

त्यांनी काय केलं ते जवळून पाहण्यासारखं आहे. बीड सोडून पोलाद घेतलं, कारण पोलाद गावाकडच्या वेल्डरलाही जोडता येतं. अनेक सांध्यांऐवजी दांड्याला एकच आस ठेवला. खालच्या दट्ट्याची सळई ताठ जोडण्याऐवजी ती साखळीला टांगली, म्हणजे दांडा वर-खाली होताना सळई सरळच ओढली जाणार, बाजूला घासणार नाही. पंपाचं ठाणं बोअरच्या नळीला आणि भोवतीच्या काँक्रीटला पक्कं जखडलं, म्हणजे वरचं सांडपाणी आत झिरपणार नाही. याला जालना पंप म्हणत. नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याला अमेरिकन मराठी मिशनचं केंद्र होतं. तिथल्या लोकांच्या साथीनं पुढची सुधारणा झाली आणि दोन्ही गावांची नावं जोडून तिला जालवड म्हटलं गेलं. मग सोलापूरला त्याहून दणकट पंप तयार झाला. हा सोलापूर पंप युनिसेफनं हेरला आणि मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास या कारखान्यात, तिथल्या अभियंत्यांच्या मदतीनं, त्यावरून इंडिया मार्क टू घडवला. 1976-77 च्या सुमारास कोइमतूरच्या परिसरात खोल बोअरवर त्याच्या कसोट्या झाल्या. त्यानंतर तो देशभर लाखोंनी बसला आणि जहाजांनी आफ्रिकेतही गेला. त्यावर कोणाचं पेटंट ठेवलं नाही. कोणीही घडवावा, कोणीही बसवावा.

हापशाचा दांडा एकदा नीट पाहा. आत बॉलबेअरिंगवर फिरणारा आस, त्याच्या पुढे कमानीसारखा वळलेला तुकडा आणि त्यावरून लोंबणारी साखळी. बाई दांडा खाली दाबते तेव्हा साखळी वर येते. साखळीला सळई, सळईला खाली खोलवर पितळी अस्तराच्या नळकांड्यात दट्ट्या, दट्ट्याला चामड्याचे किंवा रबराचे वायसर. वायसर झिजले की हापसा सुका हापसतो. मार्क टूमध्ये ते बदलायला सगळे पाइप वर ओढून काढावे लागत. त्यासाठी पंचायत समितीची गाडी आणि चार माणसं यायची वाट पाहावी लागे. पुढे आलेल्या मार्क थ्रीमध्ये पाइप न काढता दट्ट्या वर घेता येऊ लागला आणि गावातल्या माणसांना, बायांनाही, दुरुस्ती शिकता आली. या बारकाव्यांवर मी मुद्दाम रेंगाळलो. प्रार्थनेत वाहिलेले अश्रू खरे की खोटे हे आपल्याला ठरवता येत नाही. पण कोणा अनोळखी बाईच्या खांद्यावरचा भार कमी व्हावा म्हणून साखळी कुठे लावावी याचा जो माणूस महिनोन्‌महिने विचार करतो, त्याच्या भक्तीबद्दल मला शंका उरत नाही.

जातीच्या बाजूनंही हापशानं एक काम केलं, त्याची नोंद फारशी कोणी घेत नाही. उघड्या विहिरीत कोणाचा पोहरा बुडतो यावर विटाळाचं सगळं शास्त्र उभं होतं. हापशाचं पाणी पोलादी नळीतून बंद येतं. त्यात कोणाचं भांडं बुडतच नाही. म्हणजे विटाळाला आधारच उरत नाही. अर्थात जात एवढी सोपी हार मानत नाही. गावात एक हापसा, वस्तीत दुसरा, अशी वाटणी कित्येक ठिकाणी झालीच. रांगेत मागे उभं करणं, दुसरीनं भरल्यावर दांडा धुऊन घेणं, हेही चाललं. पण वस्तीतला हापसा वस्तीचा होता. वरून ओतणाऱ्याची वाट पाहत ओंजळ धरून बसण्याचे दिवस त्या दिवशी संपले.

हापसा घडवणाऱ्या याच स्कॉटिश मिशनचा दवाखाना शंभर वर्षांहून अधिक काळ जालन्यात आहे. अडलेल्या बाळंतिणीला बैलगाडीत घालून मिशनच्या दवाखान्यात नेल्याच्या कथा जिल्ह्यातल्या असंख्य घरांत सांगितल्या जातात, आणि त्या सांगणाऱ्यांत ख्रिस्ती घरं मोजकीच असतात. बाळाचं नाव ठेवताना कोणी बाप्तिस्म्याची अट घातली नाही. सेवेचा हेतू धर्मांतर असतो, असा संशय आज सरसकट घेतला जातो. त्या संशयाला इतिहासात कुठेच जागा नाही असं मी म्हणणार नाही; आमिषाचे प्रकार जिथे घडले तिथे ते निंद्यच होते. पण जालना जिल्ह्यात ख्रिस्ती लोकसंख्या किती थोडी आहे ते पाहावं आणि मिशनच्या पाण्यावर, दवाखान्यावर, शाळांवर किती माणसं वाढली तेही पाहावं. सेवेचा मोबदला म्हणून माणसं मागितली असती, तर हिशेब फारच तोट्यात गेला म्हणायचा.

ख्रिस्ती झालेल्या दलितांनी या श्रद्धेची किंमत मात्र पुरेपूर मोजली. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना मिळाला. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो लागू झाला. ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत. चर्चमध्ये गेलं म्हणून गावानं जात विसरू दिली नाही, सरकारनं मात्र ती कागदावरून पुसली. त्यामुळे मराठवाड्यात अनेक कुटुंबांचा कागदावरचा धर्म एक आणि घरातल्या सांजप्रार्थनेतला धर्म दुसरा. काही जण याला दुटप्पीपणा म्हणतात. मला तसं म्हणवत नाही. लेकराच्या फीसाठी दाखला काढणारी आणि रात्री कंदिलाच्या उजेडात गुडघे टेकणारी आई खोटी आहे असं म्हणायचं धाडस, पोट भरलेल्या माणसानं करू नये. आत्म्यानं आणि खरेपणानं भजणं म्हणजे काय हे तहसील कचेरीत ठरत नसतं.

आता एक दुखरी गोष्ट. मिशनच्या यंत्रांनी पाषाण फोडायची वाट दाखवली आणि त्या वाटेनं पुढे सगळे धावले. हातानं हापसायचं तोवर ठीक होतं. बाईच्या दंडात जेवढं बळ तेवढंच पाणी वर येतं. मग विजेचे पंप आले, ऊस आला, मोसंबी वाढली आणि बोअर तीनशे फुटांवरून पाचशेवर, पाचशेवरून हजारावर गेली. एका शेतात दहा-दहा भोकं, सगळी कोरडी. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यानं जे भोगलं ते अजून ताजं आहे. पाणी नाही म्हणून पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या मोसंबीच्या बागांवर शेतकऱ्यांनी कुऱ्हाड चालवली. शहराला पाणी देणारा घाणेवाडीचा तलाव आटला. हापसे जागोजाग उभे होते, सुके. पिढ्यान्‌पिढ्या साठलेलं आपण एका पिढीत उपसलं.

या दुखण्यावरचा उपायही ज्या हातांनी शोधला, त्यांत एक ख्रिस्ती संन्यासी होता. फादर हर्मन बाखर, स्वित्झर्लंडचे येशूसंघीय. 1948 मध्ये हिंदुस्थानात आले आणि नगर जिल्ह्यात त्यांनी आयुष्य घातलं. उपसण्याआधी मुरवायला हवं, आणि मुरवायचं ते डोंगरमाथ्यापासून, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या पुढाकारानं जर्मनीच्या साहाय्यानं आणि नाबार्डमार्फत इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला. त्याची शिस्त कडक होती. आधी गावानं श्रमदान करून दाखवायचं, सगळ्या घरांनी. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची. मग पैसा. फुकट मिळालेलं काम गाव आपलं मानत नाही, हे बाखरबाबांना चांगलं कळलं होतं.

जालना तालुक्यातलं कडवंची हे गाव या कार्यक्रमात 1990 च्या दशकात आलं. काम केलं ते खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रानं, म्हणजे मराठवाडा शेती सहाय्य मंडळानं. विजयअण्णा बोराडे आणि त्यांचे सहकारी त्यात अग्रभागी होते. शेताशेतांतून बांधबंदिस्ती झाली, उतारावर समतल चर निघाले, नाल्यांना बांध पडले. पाणी आधी मातीत आणि मग विहिरीत दिसायला लागलं. पुढे शेततळी आली, द्राक्षं आली आणि 2012 च्या दुष्काळात भोवतालचा मुलूख होरपळत असताना कडवंचीच्या बागा तगल्या. लोक बसगाड्या करून ते गाव पाहायला येऊ लागले. कडवंची ख्रिस्ती गाव नाही. बोराडेंनी कधी बायबलचा दाखला दिला असेल असंही नाही. एका स्विस संन्याशाची तळमळ, जर्मन करदात्याचा पैसा, मराठवाड्यातल्या कृषितज्ज्ञांचं ज्ञान आणि वारकरी गावाचं श्रमदान यांतून ते उभं राहिलं. त्यात ख्रिस्ती किती, हिंदू किती असा हिशेब मांडायला बसलं तर हाती काही लागणार नाही, आणि बाखरबाबांनाही तो हिशेब कधी मांडायचा नव्हता. 2021 मध्ये ते गेले तेव्हा नगर-मराठवाड्यातल्या कितीतरी बिगरख्रिस्ती गावांत त्यांच्या फोटोला हार पडला असेल.

शोमरोनी बाईची गोष्ट सांगताना पाळक एक तपशील पुष्कळदा घाईनं ओलांडतात. बोलणं संपल्यावर ती आपली घागर विहिरीवरच ठेवून गावात धावत जाते. जे गाव तिला टाळत होतं त्याच गावाला बोलावून आणते. पाणी प्यायला मागणाऱ्याला पाणी मिळालं की नाही हे शास्त्रात लिहिलेलंच नाही. पण ती घागर मागे राहिली, म्हणजे त्याची तहान भागवण्याची सोय झाली होती असं मी समजतो. शेषाद्रींनी, मॅक्लाउडनी, बाखरांनी, दवाखान्यात रात्रपाळ्या केलेल्या शेकडो मराठी परिचारिकांनी जालन्याच्या विहिरीवर अशा घागरी ठेवलेल्या आहेत. त्या कोणी ठेवल्या हे तरी निदान गावाला माहीत असावं. जालना शहरात जालना पंपाची आठवण सांगणारा एखादा फलक, एखादा जुना हापसा तेलपाणी करून उभा केलेला, एवढं महानगरपालिकेला आणि चर्चला मिळून करणं अवघड नाही.

आणखी एक सूचना जिल्ह्यातल्या सगळ्या चर्चच्या मंडळींना करावीशी वाटते, आणि ती मी हात जोडून करतो. चर्चचं छप्पर मोठं असतं, आवार ऐसपैस असतं आणि त्यात बहुधा एक बोअर असते. छपराचं पाणी पन्हळीतून खाली आणून, वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून त्या बोअरमध्ये सोडायचा खर्च एका कापणीच्या सणाच्या लिलावात निघतो. शंभर चौरस मीटर छपरावर जालन्याच्या सरासरी पावसात वर्षाला 70 हजार लिटर पाणी पडतं. त्यातलं थोडं वाया गेलं तरी बरंचसं जमिनीत जाईल, आणि ते कोणाच्या विहिरीत निघेल हे खडकाच्या फटी ठरवतील. जिथे हे झालं आहे तिथून इतरांनी शिकावं, जिथे व्हायचं आहे तिथे मृगाच्या आत व्हावं. तरुण संघानं खड्डा खणावा, महिला मंडळानं लिलावाची वर्गणी धरावी आणि शेजारच्या मंदिर-मशिदीच्या विश्वस्तांनाही काम पाहायला बोलवावं.